दोघांपुरतं बेट

बंगळूरच्या जे. पी. नगरात नवरा-बायकोला एकांत मिळत नाही, असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी सहानंतर बन्नेरघट्टा रोडने कधी गाडी नेलेली नसावी. काचा वर, एसी चालू, पुढे बीएमटीसीची बस, मागे पाण्याचा टँकर आणि मध्ये तुम्ही दोघं. दाराची बेल वाजत नाही, कुकरची शिट्टी होत नाही, वरच्या मजल्यावर कोणी कपाटं सरकवत नाही. आमच्या संसारातले बहुतेक मोठे निर्णय याच रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांखाली झाले. मुलीने कुठली शाखा घ्यायची, गावचं घर विकायचं की नाही, आईला श्रवणयंत्र लागेल हे तिला कोणी सांगायचं. मेट्रोचं काम इतकी वर्षं चाललं की त्यांतले काही निर्णय फिरवायलाही तिथेच सवड मिळाली.

तरी आमच्या मुलीला वाटलं, आईबाबांना एकांत हवा. ती अमेरिकेत असते, त्यामुळे तिला असं लांबून फार स्पष्ट दिसतं. ‘तुम्ही दोघंच असे कधी कुठे गेलाच नाहीत,’ ती म्हणाली. खरंच होतं. मधुचंद्राला आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. पण हिची एक मावशी पाचगणीला निघाली आणि दुपारचं जेवण रोज तिच्याकडे ठरलं. ते अजून हिला आठवतं. मला मावशीच्या हातची खीर आठवते. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलीने मालदीवच्या एका बेटावरचं रिसॉर्ट परस्पर ठरवून, पैसे भरून, रद्द केल्यास एक डॉलर परत मिळणार नाही हे ठळक करून आम्हाला पाठवलं.

मालदीव म्हणजे जवळजवळ १,२०० बेटं. गावं आहेत ती त्यांतल्या जेमतेम २०० बेटांवर. उरलेल्यांपैकी दीडशेहून अधिक बेटांवर रिसॉर्टं, आणि तीही एका बेटावर एकच. म्हणजे शेजार नाही. साठीच्या दशकात संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ पाहणी करून गेले आणि इथे पर्यटन चालणार नाही असं सांगून गेले. मग १९७२ साली कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट निघालं. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या, छप्पर झावळ्यांचं, अंघोळीला मचूळ पाणी. आज तसल्याच झावळ्या घातल्या की भाडं वाढतं. तज्ज्ञांचं काय चुकलं? माणसाला गैरसोय आवडत नाही, असं ते धरून चालले होते. गैरसोय नीट आखलेली असली की लोक रांगा लावतात.

बातमी फुटल्यावर आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर पहिला प्रश्न आला तो ‘लक्षद्वीप का नाही?’ असा. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, तेव्हापासून हा प्रश्न राष्ट्रीय झालेला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी तर लक्षद्वीपचे फोटोच टाकले. तिथे जायला लागणाऱ्या परवान्याची भानगड त्यांना सांगून पाहिली, पण ते स्वतः दरवर्षी तिरुपतीखेरीज कुठेही जात नाहीत, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं.

माझी अडचण निराळी होती. मराठी माणसाचं आणि बेटाचं नातं तसं सुट्टीचं नाही. बेट दिसलं की आपण तिथे किल्ला बांधतो, किंवा दुसऱ्याने बांधला असेल तर तो घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या झटतो. जंजिऱ्याने त्या बाबतीत आपला फार अंत पाहिला. नुसतं आडवं पडायला बेटावर जायचं, ही गोष्ट माझ्या वडिलांना समजावून सांगता आली नसती. त्यात जे. पी. नगर म्हणजे जयप्रकाश नारायणांच्या नावाची वस्ती, तिथून जायचं. त्यांनी १९७४ साली संपूर्ण क्रांतीची हाक दिली होती. आमच्या हातातल्या कागदावर ‘संपूर्ण विश्रांती’ असं लिहिलं होतं.

आता हिची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे जे घडलं ते हिच्यामुळे. ही मूळची मालवणची. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग, असं हिचं बालपण. आणि सध्या ही आमच्या अपार्टमेंट असोसिएशनच्या पाणी समितीची सचिव. या दोन गोष्टींचा संबंध ती स्वतःच जोडते. सिंधुदुर्गाच्या आत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ‘महाराजांनी १६६४ साली आधी पाणी बघितलं, मग पाया घातला,’ हे वाक्य ती प्रत्येक वार्षिक सभेत म्हणते आणि मग बिल्डरच्या प्रतिनिधीकडे नुसती बघते.

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या बोअरवेलनी मान टाकली तेव्हा हिचं खरं कर्तृत्व दिसलं. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून आणि वाटेत पाचशेएक मीटर वर चढवून आणायचं, म्हणजे आपल्या नळाला येणारी धार अर्धी विजेचीच असते. त्यातून त्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड ठरला. नळांना पाणी वाचवणाऱ्या जाळ्या लावायच्या. १२,००० लिटरच्या टँकरला जवळच्या अंतरासाठी १,००० रुपये असा दर प्रशासनाने बांधून दिला, आणि तो दर टँकरवाल्याला मोबाइलवर दाखवण्याचं काम हिच्याकडे आलं. तेव्हापासून आमच्या घरात रुपया हे चलन राहिलेलं नाही. सोनं, लग्नातला आहेर, माझा चष्मा, सगळं टँकरमध्ये मोजलं जातं. मुलीने भरलेलं एका रात्रीचं भाडं हिने मनातल्या मनात टँकरमध्ये केलं आणि बराच वेळ ही काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अहो, अख्खी बिल्डिंग दोन महिने न्हायली असती.’

मालदीवला मूर्ती नेता येत नाही असा तिथल्या कस्टम्सचा नियम, म्हणून देव्हाऱ्यातला बाळकृष्ण शेजारच्या कन्नड वहिनींकडे सोपवला. त्यांनी रोज सकाळी नैवेद्याचा फोटो पाठवायचं कबूल केलं. निघालो. जे. पी. नगर शहराच्या दक्षिण टोकाला आणि विमानतळ उत्तरेला, देवनहळ्ळीला. टॅक्सीत जेवढा वेळ गेला, साधारण तेवढ्याच वेळात विमानाने आम्हाला दुसऱ्या देशात नेऊन सोडलं. पुढे समुद्रावर उतरणारं छोटं विमान. ते दिवसाउजेडीच उडतं. सामानाबरोबर हातातल्या पिशवीचंही वजन होतं, आणि हिच्या पिशवीत मेतकूट, कोकम, लाडू असा ऐवज असल्यामुळे काट्यावरचा आकडा बघून तिथल्या मुलीने आमच्याकडे आदराने पाहिलं. वैमानिक अनवाणी होता. तिथे तसंच असतं म्हणे. ‘देवळात चाललाय की विमानात?’ ही मला म्हणाली, पण विमान सुटल्यावर तिने माझं मनगट धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. आमच्या मुलीला हवा होता तो एकांत बहुधा एवढाच, आणि त्यात पंख्यांचा इतका आवाज की एक शब्द बोलता येत नव्हता.

धक्क्यावर हसरी माणसं ओळीने उभी होती. प्रत्येकाने छातीवर हात ठेवला. आम्हाला एक बटलर मिळाला. त्याचं काम, आम्हाला काही लागलं तर बघणं. आम्हाला काहीच लागत नव्हतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटत होतं. आमचं घर पाण्यात खांबांवर. पलंगावर पानंफुलं मांडून लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिलेल्या. ‘आता हे झाडायचं कोणी?’ हिचा पहिला प्रश्न. न्हाणीघराला छप्पर नव्हतं. ‘आमच्या मालवणच्या घरी असंच होतं,’ ही म्हणाली. ‘तेव्हा त्याला गरिबी म्हणत.’

तिथे सगळं दोन-दोन. दोन सायकली, दोन आरामखुर्च्या, दोन टोप्या, पाण्यात बघायचे दोन मुखवटे. झोपाळा दोघांचा. तिसऱ्याची कुठे म्हणून सोय नाही. जमिनीत काच बसवलेली, तिच्याखालून मासे फिरत. ही काचेपाशी बसून मोठ्याने बोलायची, ‘ही तांबोशी. हा हेकरू. ह्याचं तिरफळ घालून...’ आणि मग गप्प व्हायची, कारण बेटाभोवती मासे धरायला मनाई. भरल्या बाजारात हात बांधून उभं केलेल्या मालवणीणीची दया मला प्रथमच आली.

घड्याळाचाही घोळ होता. राजधानी मालेची वेळ आपल्या अर्धा तास मागे. पण काही रिसॉर्टांप्रमाणे हेही आपलं घड्याळ मालेच्या तासभर पुढे ठेवत होतं, म्हणजे सूर्यास्त पाहुण्यांच्या सोयीने होतो. परिणामी बेट जे. पी. नगरच्या अर्धा तास पुढे. हिने घड्याळ बदललं नाही. कावेरीचं पाणी सोडायची वेळ चुकवून चालणार नव्हतं. वॉचमनने व्हॉल्व्ह उघडला का, हे कोणी विचारायचं?

पहिला दिवस निसर्गाचं कौतुक करण्यात गेला. पाणी निळं आहे, फारच निळं आहे, तिकडे जरा हिरवं आहे. दुसऱ्या दिवशी ते तसंच होतं. आणि मग आमच्या लक्षात आलं की बोलायला काही नाही. भांडण नाही, अबोला नाही, माल संपलेला. आमचं इतक्या वर्षांचं बोलणं ज्यांच्यावर चालत आलं, ती माणसं मागे राहिली होती. कामवाली आज का आली नाही, तिसऱ्या मजल्याने मेंटेनन्स भरला का, तुमच्या बहिणीने फोनवर ‘बरं बरं’ असं दोनदा का म्हटलं. नवरा-बायकोचं संभाषण एकमेकांविषयी असतं, असा सिनेमावाल्यांचा समज आहे. एकमेकांविषयी जे बोलायचं ते पहिल्या पाच वर्षांत बोलून होतं, आणि त्यातलं निम्मं मागे घ्यावं लागतं. पुढचा संसार तिसऱ्यावर चालतो. ज्या जोडप्यांना शेजारी चांगले मिळाले नाहीत, म्हणजे बोलण्यासारखे मिळाले नाहीत, त्यांचं फार कठीण.

तेव्हा आम्ही तिसरा शोधायला लागलो. बाकीची जोडपी सकाळी नाश्त्याला दिसत, पण ती आपापल्या एकांतात मोबाइल धरून बसलेली. एक नवविवाहित जोडपं तर रोज एकमेकांचे फोटो काढून झाले की भांडे. आम्ही त्यांच्या जवळचं टेबल पकडायला लागलो. भाषा कळत नव्हती, म्हणून अर्थ आम्ही लावत असू. ही मुलीच्या बाजूने, मी मुलाच्या. एक राखी बगळा रोज धक्क्यावर येऊन उभा राही. ‘हा तर पुट्टेनहळ्ळीचा!’ ही म्हणाली. आमच्या पुट्टेनहळ्ळी तलावावर तो सकाळी फिरायला येणाऱ्यांकडे अशाच नजरेने बघतो. त्या बगळ्यावर एक दुपार निघाली.

नाश्त्याला वीसेक देशांचे पदार्थ. ही सगळे ओलांडून कोपऱ्यातल्या एका बाऊलपाशी थांबली. बारीक केलेला कुप्पा मासा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि बाजूला पोळीसारखी रोशी. तिथल्या लोकांचा हा रोजचा नाश्ता, मास हुनी. हिने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. ‘गे बाय! ही तर किसमूर!’ आमच्याकडे सुक्या बांगड्याची करतात, त्यांच्याकडे कुप्प्याची; फरक कोकम आणि लिंबाचा. मी तिला म्हटलं की तिकडे लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला मालदीवचीच भाषा बोलतात, मग मालवणात त्यांचं जेवण जेवत असतील तर नवल काय. ‘त्यांचं आमच्याकडे नाही, आमचं त्यांच्याकडे,’ असं म्हणून तिने खोबऱ्याबद्दल स्वयंपाक्याला सूचना केली. तो चार पावलं मागे सरकला.

मग ती काचेची बाटली आली. टेबलावर थंड पाणी, बाटलीवर बेटाचं नाव. ‘हे पाणी कुठून येतं?’ हिने बटलरला विचारलं. ‘समुद्रातून,’ तो म्हणाला. मला हिचा चेहरा बघून कळलं की सुट्टी आता सुरू झाली.

जे बेट आम्हाला निर्जन म्हणून दाखवलं जात होतं, त्याच्या मधोमध झाडांच्या दाट भिंतीआड एक गावच होतं. पाहुण्यांपेक्षा कामाची माणसं जास्त. बांगलादेशी, नेपाळी, श्रीलंकन, मलयाळी, आणि अर्थात मालदीवचे. धोबीखाना, सुतारकाम, भट्टी, मशीद, फुटबॉलचं छोटं मैदान, चहाची टपरी म्हणावी अशी एक जागा. पहाटे साडेपाचला माणसं येऊन वाळूवरची पावलं फणीने पुसून जात, म्हणजे पाहुणा उठला की त्याला वाटावं, इथे आपल्याआधी कोणी आलंच नाही. एका जोडप्याला एकटं वाटावं म्हणून इतके लोक राबतात, हे बघून ही भारावली. मलाही गंमत वाटली. आमच्या इमारतीत हा परिणाम साधायला फक्त लिफ्ट बंद पडावी लागते.

या गावाच्या टोकाला पाण्याचा प्लँट. तिथला मुख्य इंजिनिअर केरळचा, आणि याआधी बंगळूरलाच एका टेक पार्कच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर होता. हिला कन्नड चांगलं येतं, त्याला कामापुरतं. उरलेलं दोघांनी हिंदीत भरून काढलं. असं संभाषण मी जन्मात ऐकलं नव्हतं. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ३५,००० च्या आसपास. ‘आणि आमचे लोक बोअरचा बाराशे निघाला तर मला रात्री फोन करतात!’ ही म्हणाली. साठ-सत्तर बार दाबाने पाणी पडद्यातून ढकलायचं, दर १०० लिटरमागे चाळीसएक गोडं होऊन मिळतं, उरलेलं जास्त खारट होऊन समुद्रात परत. एवढ्यासाठी वीज, विजेसाठी डिझेल, आणि डिझेल बोटीने. सांडपाणी शुद्ध करून माडांना. ‘आमच्याकडेही पुट्टेनहळ्ळी तलावात शेजारच्या संकुलाचं शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात,’ हिने अभिमानाने सांगितलं. त्याने लगेच विचारलं, ‘बीओडी किती?’ हिने सांगितला. त्याला पसंत पडला. मी बाहेर बाकावर बसून माड मोजले.

दुसऱ्या दिवशी स्पाची वेळ ठरलेली असताना ही पुन्हा तिकडेच. या खेपेला त्याने २०१४ ची गोष्ट सांगितली. डिसेंबरात मालेच्या पाणी प्लँटला आग लागली आणि लाखभर माणसांचं शहर एकदम कोरडं पडलं. चहूबाजूंनी समुद्र आणि घोटभर पाणी नाही. भारताने विमानांनी पाणी पाठवलं, नौदलाची जहाजं पाठवली; त्यातली सुकन्या तर स्वतःच गोडं पाणी बनवू शकणारी. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन नीर. आणि मार्च २०२४ मध्ये चीनने मालदीवला तिबेटच्या हिमनद्यांचं १,५०० टन पाणी भेट दिलं. ही उडालीच. ‘मार्च २०२४? तेव्हा आम्ही एका टँकरसाठी पहाटे चारला फोन लावत होतो! आणि तुमच्याकडे हिमालय येत होता?’ त्याने मान खाली घातली, जणू हिमनदी त्यानेच फोडली होती.

त्यानेच आम्हाला ती दुसरी गोष्टही सांगितली, जिचा पुढे आमच्या इमारतीला त्रास झाला असता. इथली जमीन सरासरी दीड मीटर उंच. समुद्र वाढला तर देश जायचा. हे जगाला सांगायला १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, मोहम्मद नशीद यांनी, मंत्रिमंडळाची बैठक समुद्राखाली घेतली. मंत्री पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली टेबलाशी बसले, हातवारे करून बोलले, एका फलकावर सह्या केल्या आणि अर्ध्या तासात वर आले. ही विचारात पडली. ‘अहो, आपली वार्षिक सभा चार तास चालते,’ ती म्हणाली. ‘तिसऱ्या मजल्याच्या तोंडात नळी असेल तर ते बोलणार कसे?’ आमच्या इमारतीला पोहण्याचा तलाव आहे. २०२४ पासून तो कोरडा आहे हे माझ्या सुदैवाने तिला आठवलं, नाहीतर तिने खालूनच सूचनापत्र काढलं असतं.

शेवटच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक स्वतः आला. त्याच्याकडे आमचा अभिप्रायाचा अर्ज होता. ‘तुम्हाला बेटावर सर्वांत जास्त काय आवडलं?’ या प्रश्नाला इतर जोडपी सूर्यास्त लिहितात. हिने एसटीपी लिहिलं होतं आणि खाली क्लोरिनच्या मात्रेबद्दल दीड पान. त्याला वाटलं, पाहुण्यांचं काहीतरी फार बिनसलंय. स्पाला गेलो नव्हतो, डॉल्फिन बघायला गेलो नव्हतो, दोघांचा झोपाळा वापरला नव्हता. भरपाई म्हणून त्याने किनाऱ्यावर रात्रीचं खास जेवण देऊ केलं. वाळूत टेबल, मेणबत्त्या, आजूबाजूला पन्नास मीटरांत कोणी नाही, फक्त तुम्ही दोघं.

‘कोणीच नाही?’ हिने घाबरून विचारलं.

‘कोणीच नाही,’ त्याने खात्री दिली.

हिने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे. मग हिने त्याला विचारलं, इंजिनिअरसाहेबांना बोलावलं तर चालेल का. तो क्षणभर थांबला. अशी मागणी त्याच्या कारकिर्दीत आली नसावी. पण तिथे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे इंजिनिअर इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, हातात पंपाच्या देखभालीची फाइल घेऊन आला. मेणबत्त्या लावलेल्या होत्या, सूप गार होत होतं आणि जेवण सुरू व्हायला पाऊण तास उशीर झाला, कारण तिसरी खुर्ची सबंध पाहुण्यांच्या भागात कुठे मिळेना. शेवटी कामगारांच्या कँटीनमधून बग्गीतून आणली. प्लास्टिकची, निळी, आणि बसायला आमच्या दोघांच्या खुर्च्यांपेक्षा बरीच आरामशीर, असं तो म्हणाला.